तेल्यावरचा पेपर: फुकट मिळाला की खुला होता?

डाळिंबावर तेल्या, म्हणजे फळापानांवर तेलकट डाग पाडणारा जिवाणूजन्य रोग, दिसला की सांगोला-मंगळवेढ्याकडचा शेतकरी आधी कृषी सेवा केंद्र गाठतो, मग यूट्यूब. बीएस्सी होऊन गावी परतलेला त्याचा पोरगा मात्र एखाद्या रात्री संशोधन-लेख शोधून देणाऱ्या गूगल स्कॉलरवर 'झँथोमोनास' हे तेल्याच्या जिवाणूचं नाव टाकतो. हवा तोच पेपर सापडतो, सारांश वाचून होतो आणि पुढं पाटी लागते: पूर्ण लेखासाठी तीस-पस्तीस डॉलर भरा. सोलापुरात विद्यापीठात शिकणारा मित्र तोच पेपर एका क्लिकवर उघडतो आणि म्हणतो, "काय बे, ओपन अ‍ॅक्सेस हाय की हा, सगळ्यांना खुला!"

नाही. त्याचं बिल दुसऱ्यानं भरलंय, एवढंच.

बिल भरणारी योजना म्हणजे 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'. केंद्रीय मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स (संशोधन-नियतकालिकं) आणि ६,३०० सरकारी संस्था असा तिचा पसारा. व्यवहार गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणारं केंद्र बघतं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्यासाठी ही मोठीच गोष्ट आहे, नाकं मुरडण्यात अर्थ नाही. पण हा एसटीच्या पाससारखा मामला आहे. पास संस्थेच्या नावावर. शिक्षण संपलं, लॉगिन बंद झालं, की मित्रही पोरासारखाच पाटीपुढं उभा.

गरीब देशांसाठी असाच पास 'रिसर्च फॉर लाइफ' ही आंतरराष्ट्रीय योजना देते. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या प्रकाशकांना सोबत घेऊन २००२ मध्ये तिचा आरोग्य-संशोधनासाठीचा उपक्रम 'हिनारी' सुरू केला, पाठोपाठ शेती, पर्यावरण, तंत्रज्ञान आणि कायद्यासाठी असेच उपक्रम आले. सगळ्यात गरीब देशांतल्या संस्थांना फुकट, त्याहून थोड्या बऱ्या देशांना माफक शुल्कात. भारत या यादीत नाही, आपली अर्थव्यवस्था त्यासाठी फार मोठी ठरते. आणि यादी प्रकाशकाच्या मर्जीवरही चालते, हे बांगलादेशानं अनुभवलंय. जानेवारी २०११ मध्ये काही बड्या प्रकाशकांनी तिथली हिनारीवरची हजारोंच्या घरातली जर्नल्स अचानक काढून घेतली. बोंबाबोंब झाल्यावर माघार घेतली, ते वेगळं.

ओपन अ‍ॅक्सेसची गोष्टच निराळी. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यानं त्याची व्याख्या केली, आणि तीत वाचण्याइतकंच उतरवून घेणं, वाटणं, पुन्हा वापरणंही आलं. माझ्या मते सगळी मेख इथं आहे. पेपरवर 'सीसी बाय' (श्रेय देऊन मुक्त वापराची मुभा देणारा) परवाना असेल, तर तेल्यावरचा तो लेख मूळ लेखकाचं नाव देऊन मराठीत आणा, छापा, गावच्या मेळाव्यात वाटा, कुणाची परवानगी लागत नाही. मित्रानं लॉगिननं उतरवलेली पीडीएफ मात्र व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, तरी नियम मोडला. ती त्याची नाहीच, त्याला वाचायला दिली होती.

खुलेपणाचाही खर्च असतो म्हणा. बरेच प्रकाशक तो लेखकाकडून 'प्रोसेसिंग फी' म्हणून घेतात, कधी लाखांत. माफी बहुतेकदा गरीब देशांच्या यादीवरून ठरते, म्हणजे आपला संशोधक तिथंही बाहेर. दुसरी वाट स्वस्त आहे: लेखकानं आपल्या लेखाची स्वतःकडची मसुदा-प्रत संस्थेच्या खुल्या ऑनलाइन भांडारात ठेवायची. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं २०१३ मध्येच असं मुक्त प्रवेशाचं धोरण घेतलं, आणि सोलापूरजवळच्या केगावचं डाळिंब संशोधन केंद्र याच परिषदेचं.

समोरचा पेपर कुठल्या जातीचा, हे ओळखायला कॉलेजचं वायफाय बंद करा, लॉगिनमधून बाहेर पडा आणि मोबाइल डेटावर उघडून बघा. उघडला तर पहिल्या पानावर परवाना शोधा. नुसतं 'फ्री' लिहिलं असेल, तर वाचा, पण भाषांतर छापायच्या आधी विचारा. नाहीच उघडला, तर स्कॉलरमध्ये त्याच पेपरच्या इतर आवृत्त्या चाळा, भांडारातली प्रत बरेचदा तिथं सापडते. तीही नसेल, तर सारांशाखाली बहुधा लेखकाचा ईमेल असतो. दोन ओळी लिहून प्रत मागा. आपला पेपर सांगोल्यात कुणीतरी वाचू पाहतंय म्हटल्यावर बरेच लेखक खुशीनं पाठवतात.