वाहनझडती

रस्त्यावर वाहन थांबवून त्यातील माणसे, सामान व खुद्द वाहन यांची पोलिसांनी केलेली तपासणी. भारतीय कायद्यात वाहन थांबवणे, झडती घेणे आणि अटक करणे हे तीन निरनिराळे अधिकार आहेत. पहिला वापरला म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही. नाकाबंदीवरच्या पुष्कळशा वादांचे मूळ इथेच असते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३२ नुसार उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या गणवेशधारी पोलीस अधिकाऱ्याने सांगितल्यास चालकाला वाहन थांबवावे लागते. कलम १३० खाली गणवेशातील कोणताही पोलीस अधिकारी लायसन्स मागू शकतो. ही कलमे कागदपत्रांपुरती आहेत. डिकी उघडायला लावण्याचा अधिकार त्यांतून निघत नाही.

त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ (अंमल १ जुलै २०२४ पासून) पाहावी लागते. तपासाला लागणारी वस्तू विशिष्ट जागी मिळेल आणि इतर मार्गाने विनाविलंब मिळणार नाही, असे मानण्यास सबळ कारण असेल तर कलम १८५ खाली वॉरंटशिवाय झडती घेता येते. मात्र ती कारणे आधी लिहून ठेवावी लागतात. त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. जुन्या १९७३ च्या संहितेत (कलम १६५) ‘तत्काळ’ एवढाच शब्द होता. कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रण आवश्यक केले असून त्यासाठी शक्यतो मोबाइल फोन वापरावा असे म्हटले आहे.

झडतीला त्या भागातील किमान दोन प्रतिष्ठित, तटस्थ पंच लागतात (कलम १०३, पूर्वीचे कलम १००). ‘पंचनामा’ या शब्दाची व्याख्या संहितेत नाही. तो मुंबई इलाख्याच्या कामकाजातून रूढ झाला असावा, असे सामान्यतः मानले जाते. उत्तर भारतात त्याच कागदाला ‘फर्द’ म्हणतात. कायद्याची अपेक्षा जप्त वस्तू व त्या सापडलेल्या जागा यांची यादी आणि तीवर पंचांच्या सह्या एवढीच असते. पण व्यवहारात वाहनाचा क्रमांक, थांबवल्याची व झडती संपल्याची वेळ, माल नेमका कुठे सापडला (सीटखाली, डिकीत, दाराच्या पत्र्याआड), वजन, सीलचा ठसा हे सारे त्यात यावे लागते. आधी टाइप करून आणलेल्या पंचनाम्यात वेळेची व जागेची विसंगती राहते आणि उलटतपासणीत तीच पुढे येते.

अमली पदार्थांच्या प्रकरणांत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या अधिनियमातील (एनडीपीएस) कलम ४२ इमारत, वाहन व बंदिस्त जागा यांना लागू आहे. मिळालेली खबर लिहून घेणे आणि तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठाला पाठवणे त्यात बंधनकारक आहे (ही मुदत २००१ च्या दुरुस्तीने आली). कलम ४३ सार्वजनिक जागेसाठी असून त्यात ही लेखी नोंद लागत नाही. मग सार्वजनिक रस्त्यावरील खासगी जीप कोणत्या कलमात मोडते? ४३ च्या स्पष्टीकरणात सार्वजनिक वाहन, हॉटेल, दुकान आणि जनतेला खुली जागा यांचा उल्लेख आहे. हरियाणातील एका टँकरच्या प्रकरणात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने महामार्गावरील झडतीला ४३ लावले. राजस्थानच्या २०१६ च्या निकालात मात्र खासगी जीप सार्वजनिक वाहन ठरत नाही म्हणून ४२ लावले गेले. २०२१ मध्ये हरियाणातील आणखी एका प्रकरणात तेच मत कायम राहिले व आरोपी सुटले. स्पष्टीकरणाच्या शब्दांशी हे दुसरे मत अधिक जुळते. ४२ चे पालन उशिरा झाले आणि विलंबाचे समाधानकारक कारण दिले तर चालते, मुळीच न झालेले चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या घटनापीठाने (किमान पाच न्यायाधीशांच्या पीठाने) ठरवले आहे.

अंगझडतीसाठी याच अधिनियमाचे कलम ५० आहे. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा हक्क आहे, हे संशयिताला सांगावेच लागते (घटनापीठ, १९९९ व २०१०). ‘आमच्यासमोर दिली तरी चालेल’ असा तिसरा पर्याय देणे किंवा दोन संशयितांना मिळून एकच सूचना देणे यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आक्षेप घेतला. हातातली पिशवी वा वाहन हे ‘अंग’ नव्हे, त्यामुळे त्यांना कलम ५० लागत नाही. स्त्रीची झडती स्त्रीच घेते.

बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा केवळ त्या कारणाने बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयात पूरणमल प्रकरणात (१९७४) ठरले. परंतु कलम ५० चा भंग करून अंगावर सापडलेला माल, केवळ त्याच्या आधारे, बेकायदा ताब्याचा पुरावा ठरत नाही, असे १९९९ च्या घटनापीठाने म्हटले. अटकेचे कारण न सांगणे किंवा २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर न करणे हा संविधानाच्या अनुच्छेद २२ चा स्वतंत्र भंग असून झडतीच्या वैधतेचा त्याच्याशी थेट संबंध नाही.