वर्तनविकारांच्या तपासण्या आणि 2013 ची वादग्रस्त मान्यता : पार्श्वभूमी

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या पट्ट्यात किंवा मेळघाटात ‘टेस्ट’ म्हटले की लोकांना आधी सिकलसेल आठवते. आश्रमशाळेत पथक येते, बोटाला टोचून थेंबभर रक्त घेते, विद्राव्यता चाचणीत नमुना गढूळ दिसला तर पुढची खात्रीची तपासणी होते आणि मूल वाहक आहे की रुग्ण, हे कार्डावर लिहून हाती येते. सोयरीक जुळवताना दोन्हीकडची कार्डे आधी पाहावीत, असे आरोग्यसेविका गावोगाव सांगत असतात. हिमोग्लोबिनच्या एकाच जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे हा आजार होतो, म्हणून तिथे रक्त थेट उत्तर देते. तपासणीचा असा रोखठोक अनुभव घेतलेल्या पालकांनी, वर्गात पाच मिनिटे न टिकणाऱ्या किंवा सतत मारामारीवर उतरणाऱ्या मुलाला दवाखान्यात नेल्यावर ‘याचेही रक्त तपासून काय ते सांगा’ असे म्हणावे, यात नवल काही नाही. वर्तनविकारांसाठी अशी तपासणी आजही नाही. ती मिळाल्याची चर्चा मात्र अधूनमधून होत आली असून तिचा एक मोठा प्रसंग 2013 मधला आहे.

आधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. माणसाच्या मेंदूलहरींचे पहिले आलेख 1929 मध्ये प्रसिद्ध झाले. दशकभराच्या आत, 1938 मध्ये, अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथील मुलांच्या एका निवासी रुग्णालयातून असे नोंदवले गेले की, वर्तनाच्या तक्रारी असलेल्या निम्म्याहून अधिक मुलांचे आलेख सामान्य नव्हते. त्याच रुग्णालयात आदल्या वर्षी, डोकेदुखी कमी व्हावी म्हणून दिलेल्या उत्तेजक औषधाने मुले अभ्यासाला बसू लागल्याचे दिसले होते. दोष मेंदूतच आहे आणि तो आज ना उद्या यंत्रावर दिसेल, ही समजूत तेव्हापासून रुजली. पुढे 1965 मध्ये स्कॉटलंडमधील एका बंदिस्त रुग्णालयातील काही पुरुषांत एक जादा वाय गुणसूत्र सापडले आणि त्याचा गुन्हेगारीशी संबंध जोडला गेला. बोस्टनमध्ये तर नवजात मुलग्यांत हे गुणसूत्र शोधून त्यांच्या वाढीवर लक्ष ठेवण्याचे काम सुरू झाले. ‘तुमच्या बाळात असे गुणसूत्र आहे’ हे कळल्यावर आईबाप त्या बाळाकडे कोणत्या नजरेने पाहतील, या आक्षेपावरून मोठा वाद झाला आणि 1975 मध्ये ती तपासणी थांबवण्यात आली. जादा वाय गुणसूत्र असलेले बहुतेक पुरुष चारचौघांसारखे आयुष्य जगतात, हे नंतर स्पष्ट झाले.

2013 या एका वर्षात मात्र बरेच काही घडले. अमेरिकेतील मानसिक आरोग्य संशोधनाला सर्वाधिक पैसा पुरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या प्रमुखाने एप्रिलच्या अखेरीस जाहीर केले की, केवळ लक्षणांच्या याद्यांवर आधारलेल्या निदानांपासून संस्थेचे संशोधन आता दूर जाईल. त्यानंतर काही आठवड्यांतच मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती आली आणि तिने अतिचंचलतेचे, म्हणजे एडीएचडीचे, निदान पूर्वीप्रमाणे लक्षणांच्या यादीवरच ठेवले. जुलैमध्ये त्याच देशातील औषधे व उपकरणांच्या नियामकाने मेंदूलहरी मोजणाऱ्या एका उपकरणाला एडीएचडीच्या निदानात साहाय्यक म्हणून मान्यता दिली. जगभर बातमी झाली ती या तिसऱ्या घटनेची, आणि ती बहुतेक ठिकाणी ‘एडीएचडीची पहिली मेंदूचाचणी’ अशीच छापली गेली.

उपकरणाचे तत्त्व साधे आहे. टाळूवर इलेक्ट्रोड लावून पंधरा-वीस मिनिटे आलेख घ्यायचा आणि संथ थीटा लहरी व जलद बीटा लहरी यांचे गुणोत्तर काढायचे. एडीएचडी असलेल्या मुलांत हे गुणोत्तर वाढलेले असते, असे नव्वदीच्या दशकातील अभ्यासांत दिसले होते. त्यांपैकी 1999 मधल्या एका अभ्यासातील अचूकतेचे आकडे इतके उत्तम होते की तेव्हाच शंका यायला हवी होती. मान्यतेसाठी सादर केलेल्या अभ्यासात 6 ते 17 वर्षे वयाची, लक्ष किंवा वर्तनाविषयी तक्रार असलेली 275 मुले होती. त्यांचे नेहमीच्या पद्धतीने मूल्यमापन झाले, आलेख काढले गेले आणि तज्ज्ञांच्या स्वतंत्र गटाने अंतिम निदान ठरवले. या अभ्यासाचा सविस्तर निबंध 2015 मध्ये, म्हणजे मान्यता मिळून गेल्यावर, प्रसिद्ध झाला.

नियामकाची बाजू मांडायची तर, हे उपकरण एकट्याने निदान करू शकते, असा दावा मान्यतेत नव्हता. संपूर्ण वैद्यकीय व मानसशास्त्रीय तपासणीचा एक भाग म्हणूनच उपकरण वापरावे, असे त्यात स्पष्ट होते. समर्थकांचे म्हणणे असे की, तक्रारीमागे दुसरेच कारण असलेली मुले यामुळे बाजूला काढता येतील आणि एडीएचडीचा शिक्का सरसकट बसणार नाही. हा युक्तिवाद वाचताना पटतो. परंतु ज्या दवाखान्यात संपूर्ण तपासणीला वेळ आणि माणूस दोन्ही नाहीत, तिथे साहाय्यक यंत्रच मुख्य होऊन बसते आणि छापील आकड्यापुढे शिक्षकाचे किंवा आईचे निरीक्षण फिके पडते. नियामकाने या शक्यतेला फारसे वजन दिल्याचे दिसत नाही.

शास्त्रीय आक्षेप याहून गंभीर होता. मान्यता मिळाली त्याच सुमारास नऊ अभ्यासांतील, एडीएचडी असलेल्या 1,253 आणि नसलेल्या 517 मुलांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. अभ्यास जितका अलीकडचा, तितका दोन गटांतील फरक कमी, असे त्यात आढळले. एडीएचडी असलेल्या मुलांचे गुणोत्तर घटले म्हणून हे झाले नव्हते, तर तक्रार नसलेल्या मुलांचेच गुणोत्तर वर्षागणिक वाढत गेले होते. मुलांची झोप कमी होत चालल्याने असे होत असावे, ही एक शक्यता त्या संशोधकांनी मांडली, कारण पेंग आली की थीटा लहरी वाढतात. 2016 मध्ये अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला दिला की, हे गुणोत्तर नेहमीच्या निदानपद्धतीच्या जागी वापरू नये. त्यावर विसंबल्यास शंभरात 6 ते 15 जणांचे निदान चुकू शकते, असा तिचा अंदाज होता.

झोपेचा हा मुद्दा आपल्याकडे दुर्लक्षिण्याजोगा नाही. तूर-हरभऱ्याच्या दिवसांत रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखायला घरातील माणसे आळीपाळीने जागलीला जातात, आणि कृषिपंपांना रात्रीची वीज असली की ओलितासाठी आठवी-नववीतला मुलगाही बापासोबत वावरात असतो. बारे देऊन पहाटे परतलेला असा मुलगा सकाळी वर्गात खिडकीबाहेर पाहत बसला, बोलल्यावर चिडला, तर त्याचा आलेख जागरण दाखवतो की विकार, हे यंत्राला सांगता येणार नाही. ‘काल रात्री कुठे होतास’ हा प्रश्न विचारणारे कुणी तरी समोर असावे लागते.

इतर खुणांची गत फार वेगळी नाही. विश्रांतीच्या वेळी नाडी मंद असणे ही समाजविघातक वर्तनाशी सर्वाधिक वेळा जुळलेली शारीरिक खूण मानली जाते. पण हा संबंध गटांच्या सरासरीत दिसतो, आणि रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या किंवा कबड्डी खेळणाऱ्या मुलाची नाडीही मंदच असते. एडीएचडीचा आनुवंशिक वाटा जुळ्यांच्या अभ्यासांनुसार 70 टक्क्यांहून अधिक असला, तरी तो असंख्य जनुकांत वाटलेला आहे. जनुकसंचातील निश्चित म्हणता येतील अशा 12 जागा 2018 मध्ये प्रथम सापडल्या आणि 2023 पर्यंत त्या 27 झाल्या, परंतु त्यांतील प्रत्येकीचा परिणाम नगण्य आहे. सिकलसेलशी तुलना इथेच कोलमडते. लोहाच्या बाबतीत 2004 मध्ये फ्रान्समधील एका छोट्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या 84 टक्के मुलांत फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) कमी आढळले, तर इतर मुलांत हे प्रमाण 18 टक्के होते. पुढच्या अभ्यासांत इतका ठळक फरक कायम राहिला नाही. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी रक्तक्षयासाठी आहे, तिने वर्तन सुधारेल असे कुणी समजू नये. (सिकलसेलच्या रुग्णाला लोह देण्याआधी तर शरीरातील साठा पाहावा लागतो.)

याच 2013 मध्ये, फेब्रुवारीत, अंगणवाडी व शाळांतील 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारा केंद्राचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्या यादीत स्वमग्नता (ऑटिझम), अध्ययनातील अडचणी व एडीएचडी यांचा समावेश झाला. गावपातळीवर या विकारांकडे आरोग्य यंत्रणेचे लक्ष जायला सुरुवात झाली ती यामुळे, आणि त्यात यंत्राचा काहीही वाटा नव्हता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आल्या, एडीएचडी आली नाही. त्यामुळे केवळ एडीएचडी असलेल्या मुलाला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळत नाही. स्वमग्नतेचे प्रमाणपत्रही आलेखावर दिले जात नाही, ते 40 मुद्द्यांच्या भारतीय मापनश्रेणीवर दिले जाते आणि त्यासाठी मुलाचे निरीक्षण व पालकांशी बोलणे आवश्यक असते.

दरम्यान शहरांतील खासगी केंद्रांत ‘ब्रेन मॅपिंग’ विकले जाते आणि बोटांच्या ठशांवरून मुलाचा स्वभाव सांगणारी ‘डीएमआयटी’ शाळांपर्यंत पोचली आहे. ठशांच्या या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचे देशातील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने सांगूनही तिचा धंदा चालू आहे. सरकारी दवाखान्यात वर्तनाच्या तक्रारीसाठी आणलेल्या मुलाची ऐकण्याची क्षमता, दृष्टी, हिमोग्लोबिन आणि गरज वाटल्यास थायरॉइड तपासतात, मधूनच हरवल्यासारखे होत असेल तर झटक्यांच्या शंकेने ईईजी (मेंदूलहरींचा आलेख) काढतात. या साऱ्या तपासण्या दुसरे कारण वगळण्यासाठी असतात आणि त्या नॉर्मल आल्या म्हणजे मुलाला काही झालेले नाही, असा त्यांचा अर्थ होत नाही.