टर्मिनलवरच्या युक्त्या कुठून आल्या

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम १९९१ साली आली. पण तिच्या टर्मिनलवर, म्हणजे कमांड लिहून संगणकाला काम सांगण्याच्या खिडकीत, आपण रोज जे टाइप करतो, त्यातले बरेचसे तोवर दहा ते वीस वर्षे वापरात होते. ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड), सेड (मजकूर बदलणारी), ऑक (रकान्यांवर काम करणारी), सॉर्ट (ओळी क्रमाने लावणारी), पाइप (एका प्रोग्रामचे आउटपुट दुसऱ्याला देणारी सोय), मागची कमांड पुन्हा चालवणारी दोन उद्गारचिन्हे, हे सगळे युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमकडून आलेले. यातल्या बऱ्याच गोष्टी त्या काळच्या एखाद्या अडचणीतून जन्मल्या आहेत. ती अडचण समजली की कमांड घोकावी लागत नाही, असे मला मनापासून वाटते.

१९६९ मध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये पीडीपी-७ या संगणकावर युनिक्सची उभारणी सुरू केली. समोर पडदा नव्हता, टेलिटाइप होते. कळा जोर लावून दाबायच्या आणि उत्तर कागदावर छापून येण्याची वाट पाहायची. वेग सेकंदाला जेमतेम १० अक्षरे. एलएस (फाइलींची यादी), सीपी (नक्कल), एमव्ही (हलवणे), आरएम (पुसणे) ही दोन-दोन अक्षरी नावे अशा यंत्रावर शोभतात. काम बिनचूक झाले की कमांड काहीच बोलत नाही, हेही तिथे सोयीचेच होते. नवख्याला ही शांतता खटकते, पण पाइप आल्यावर ती गरजेची ठरली: एका प्रोग्रामची अनावश्यक बडबड पुढच्याच्या इनपुटमध्ये मिसळून चालत नाही.

पाइप ही या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट. बेल लॅब्समधल्याच डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवले होते की, बागेतल्या पाण्याच्या नळीला जसा हवा तेव्हा आणखी एक तुकडा जोडता येतो, तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता यायला हवेत. ते ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरत राहिले. अखेर १९७३ मध्ये थॉम्प्सन यांनी एका रात्रीत ती सोय युनिक्समध्ये घातली. पण खरे परिश्रम त्यानंतरचे होते. तोवर अनेक प्रोग्राम फाइलचे नाव दिल्याशिवाय चालत नसत. ते बदलून, नाव न दिल्यास समोरून येणारा मजकूर वाचतील असे करावे लागले. आज ग्रेप किंवा सॉर्टसारखी कमांड पाइपच्या मधोमध बसते ती या दुरुस्तीमुळे. उभी रेघ हे चिन्हही पहिल्या दिवसापासूनचे नाही. सुरुवातीला आउटपुट फाइलमध्ये वळवण्याच्या > या चिन्हावरच काम भागवले होते.

पाइपची सवय लागली की युनिक नावाची कमांड का अशी वागते तेही उलगडते. ती फक्त लागोपाठ आलेल्या सारख्या ओळी ओळखते, त्यामुळे तिला आधीची एकच ओळ लक्षात ठेवावी लागते आणि फाइल कितीही मोठी असली तरी मेमरी संपत नाही. सारख्या ओळी शेजारी आणणे हे सॉर्टचे काम. म्हणून आधी सॉर्ट, मग मोजणीसह युनिक, मग आकड्यांनुसार उलटा सॉर्ट. लॉगमधली, म्हणजे प्रोग्रामने केलेल्या नोंदींच्या फाइलमधली, सर्वाधिक वेळा आलेली ओळ शोधायला मला याहून नेटका उपाय माहीत नाही.

चुकांचे संदेश वेगळ्या वाटेने जातात, त्यामागे छपाईतली एक कटकट आहे. बेल लॅब्समधले फोटोटाइपसेटर छायाचित्राच्या कागदावर मजकूर उमटवायचे. तो कागद धुऊन हातात आल्यावर कळायचे की त्यावर ‘फाइल उघडता येत नाही’ एवढेच छापले आहे. असे वारंवार झाल्यावर चुकांसाठी स्वतंत्र प्रवाह ठेवला गेला. आज आपण 2> लिहून तो हवा तिकडे वळवतो.

ग्रेपचे मूळ ईडी या मजकूर लिहिण्या-बदलण्याच्या प्रोग्राममध्ये (एडिटरमध्ये). पॅटर्नने, म्हणजे अक्षरांचा नमुना देऊन, मजकूर शोधण्याची सोय त्यात होतीच, आणि त्या शोधाच्या पद्धतीवर थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये शोधनिबंधही लिहिला होता. मात्र मोठ्या फाइली ईडीला पेलत नसत, म्हणून शोधाचा भाग बाहेर काढून त्याचा वेगळा प्रोग्राम झाला. ली मॅकमॅहन यांचे सेड त्याच कुळातले. १९७७ मध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन या तिघांनी ऑक लिहिली, आणि रकान्यांवर हिशेब करणे एका ओळीत शक्य झाले.

लपवलेल्या फाइलींची गोष्ट निराळी. प्रत्येक डिरेक्टरीत दिसणाऱ्या एक टिंब आणि दोन टिंबे या नोंदी यादीत नकोत, म्हणून एलएसमध्ये फक्त पहिले अक्षर तपासले गेले. त्यामुळे टिंबाने सुरू होणारी कोणतीही फाइल दिसेनाशी झाली, आणि लोकांनी सेटिंग्ज तिथे ठेवायला सुरुवात केली. ही हकिकत बेल लॅब्समध्ये काम केलेल्या रॉब पाइक यांनी सांगितली आहे.

कमांडचा इतिहास आणि दोन उद्गारचिन्हे बर्कली विद्यापीठातल्या बिल जॉय यांच्या सी शेलमधून आली (शेल म्हणजे टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम). होम डिरेक्टरीसाठीचे, म्हणजे वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरसाठीचे, ~ हे चिन्ह त्या काळच्या एडीएम-३ए टर्मिनलवरून घेतले, कारण तिथे ते आणि होम एकाच कळीवर होते. जुनी कमांड शोधून देणारे कंट्रोल-आर आणि ओळीच्या टोकांना नेणारे कंट्रोल-ए व कंट्रोल-ई ईमॅक्स या एडिटरमधून आले. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पासाठी बॅश हे शेल प्रसिद्ध केले, त्यात हे सारे एकत्र मिळाले. ऑगस्ट १९९१ मध्ये लिनस टॉरवॉल्ड्स यांनी आपल्या नव्या प्रणालीची, म्हणजे लिनक्सची, घोषणा केली, तेव्हा तिच्यावर बॅश चालू लागले होते.

यूटीएफ-८ चा, म्हणजे जगातल्या लिप्यांची अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीचा, उल्लेख इथे व्हायलाच हवा. थॉम्प्सन आणि पाइक यांनी १९९२ मध्ये ते असे रचले की ओळ संपल्याची खूण किंवा तिरकी रेघ यांचे बाइट दुसऱ्या कोणत्याही अक्षराच्या पोटात सापडत नाहीत. त्यामुळे ओळी तोडणारी आणि पाथ (फाइलचा पत्ता) वाचणारी जुनी टूल्स देवनागरी, अरबी किंवा चिनी मजकुराने कोलमडत नाहीत.

अलीकडच्या टूल्सपैकी रिपग्रेप मजकूर शोधण्याच्या वेगासाठी आणि एफझेडएफ यादीतून चटकन निवडण्यासाठी उत्तम आहेत. मला महत्त्वाचे वाटते ते २०१२ मधले जेक्यू. ऑक ओळी आणि रकाने गृहीत धरते. जेसन या माहिती लिहिण्याच्या मांडणीत (JSON) एकच नोंद अनेक ओळींवर पसरते किंवा सगळ्या नोंदी एकाच ओळीत येतात, तिथे ऑकचे गणित चुकते. जेक्यू ती रचना समजून घेते, हवे तेवढेच काढते आणि साध्या ओळींत पुढे देते, म्हणजे त्यानंतर सॉर्ट आणि युनिक पूर्वीसारखेच लावता येतात.