अरब ब्यूरो

अरब ब्यूरो : पहिल्या महायुद्धात अरब टोळ्या, त्यांचे शेख, लढणाऱ्यांचे बळ आणि त्यांची रसद यांविषयी माहिती जमवण्यासाठी ब्रिटिशांनी कैरो येथे चालवलेले कार्यालय. कार्यकाळ साधारणपणे १९१६ ते १९२०. कार्यालय सॅव्हॉय हॉटेलात होते. तेथील सैनिकी गुप्तवार्ता विभागाशी ते जोडलेले असले, तरी धोरणाच्या बाबतीत परराष्ट्र खात्याला बांधील होते.

स्थापनेचे श्रेय बहुधा मध्यपूर्वेविषयी ब्रिटिश सरकारला सल्ला देणारा संसद सदस्य सर मार्क साइक्स याला दिले जाते. १९१५ मध्ये युद्धखात्याच्या वतीने त्याने पूर्वेकडचा लांबचा दौरा केला. त्यात त्याने हिंदुस्थान आणि बसरा येथेही भेट दिली. कैरो, खार्टूम, बसरा, सिमला आणि लंडन येथील अधिकारी एकाच प्रदेशाविषयी वेगवेगळ्या दिशांनी काम करत असल्याचे त्याला आढळले. डिसेंबर १९१५ मध्ये परतल्यावर त्याने एका मध्यवर्ती कार्यालयाची योजना मांडली. त्यासाठी त्याने सुचवलेले नाव ‘इस्लामिक ब्यूरो’ असे होते आणि त्याची सूत्रे स्वतःकडे असावीत असा त्याचा आग्रह होता. जानेवारी १९१६ च्या सुरुवातीला लंडनमध्ये संबंधित खात्यांची बैठक होऊन कल्पना मान्य झाली, पण सूत्रे साइक्सकडे गेली नाहीत. ती गिल्बर्ट क्लेटन या कैरोतील गुप्तवार्ता प्रमुखाकडे आली.

साइक्सला संस्थापक मानण्यात अडचण आहे ती इथेच. तुर्कस्तान युद्धात उतरल्यावर १९१४ च्या डिसेंबरपासून क्लेटनच्या हाताखाली न्यूकोम, वुली, टी. ई. लॉरेन्स (पुढे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला), जॉर्ज लॉइड, ऑब्रे हर्बर्ट ही मंडळी जमली होती. यांपैकी पहिल्या तिघांनी युद्धापूर्वी, १९१४ च्या आरंभी, पुरातत्त्वीय पाहणीच्या आवरणाखाली सिनाईचे मोजमाप केले होते. नकाशे सुधारणे, तुर्की पलटणींच्या याद्या ठेवणे, कैद्यांची चौकशी करणे हे काम ब्यूरोचे नाव पडण्यापूर्वी वर्षभर चालू होते. म्हणून साइक्सने परवानगी मिळवली आणि संस्था क्लेटनने उभी केली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. स्थापनेची तारीख कोठे जानेवारी, तर कोठे फेब्रुवारी-मार्च १९१६ अशी आढळते. पहिली मंजुरीची व दुसरी प्रत्यक्ष कामाची धरल्यास फारसा विरोध उरत नाही.

ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाचा प्रमुख, पुरातत्त्वज्ञ डेव्हिड हॉगार्थ याने सुरुवातीला ब्यूरोचे काम पाहिले. पुढे किनाहन कॉर्नवॉलिस संचालक झाला. अरब प्रदेशांत हिंडलेली ब्रिटिश प्रवासी गर्ट्रूड बेल १९१५ च्या अखेरीस कैरोत आली आणि टोळ्यांच्या वंशावळी व परस्परसंबंध यांच्या नोंदी तिने व्यवस्थित लावल्या. मार्च १९१६ मध्ये ती बसऱ्यास गेली व तेथील शाखेचे काम तिच्याकडे आले.

जून १९१६ पासून ब्यूरोचे गोपनीय बातमीपत्र निघू लागले. त्याच्या अगदी मोजक्या प्रती काढत आणि त्या निवडक अधिकाऱ्यांनाच मिळत. बेदूइनांशी (वाळवंटातील भटक्या अरबांशी) कसे वागावे याविषयीची लॉरेन्सची सत्तावीस कलमे ऑगस्ट १९१७ मध्ये याच पत्रात छापली गेली.

ब्यूरोची खरी परीक्षा हेजाझमध्ये, म्हणजे मक्का-मदिनेच्या तुर्की अंमलाखालील पश्चिम अरबस्तानात, झाली. ५ जून १९१६ रोजी मदिनेजवळ आणि १० जूनला मक्केत तेथील अमीर शरीफ हुसेन याचा तुर्कांविरुद्धचा उठाव सुरू झाला. उठावाआधीच ब्रिटिश आरमाराने तांबड्या समुद्रातील हेजाझची बंदरे रोखली होती. हेजाझ स्वतःपुरते धान्य पिकवत नसे. ते इजिप्त व हिंदुस्थानातून येई. ही नाकेबंदी उठावाला कितपत कारणीभूत झाली याविषयी मतभेद आहेत. मात्र धान्य अडवणारेच पुढे धान्य पुरवणारे झाले, हे लक्षात घेतल्यावाचून टोळ्यांचे वागणे उलगडत नाही.

लढणाऱ्यांची संख्या ही या कामातील सर्वांत निसरडी बाब होती. शेख सांगतील त्या आकड्यात फुगवटा असे, आणि आकडा खरा असला तरी तो आठवडाभर टिकत नसे. लॉरेन्सच्या १९१६ च्या वृत्तांतानुसार एका कुटुंबात एक बंदूक असे आणि मुलगे ती पाळीपाळीने घेऊन काही दिवस लढायला येत. विवाहित पुरुष तळावर आणि घरी आळीपाळीने राहत. टोळी आपल्या चराईच्या मुलखात, म्हणजे ‘दिरा’मध्ये, हिरिरीने लढे. तो ओलांडून शेजाऱ्याच्या मुलखात शिरणे तिला धोक्याचे वाटे, कारण तेथे जुनी वैरे असत. त्यामुळे किती माणसे यापेक्षा कोणाची माणसे, कोणत्या विहिरींपर्यंत आणि किती दिवसांच्या पिठावर, हे प्रश्न उपयोगाचे ठरले. टोळ्यांना केवळ गर्दी समजणाऱ्या सैनिकी अहवालांपेक्षा ब्यूरोचे टिपण वेगळे आणि मोलाचे होते ते याच कारणाने.

रसदीत पीठ, तांदूळ, जव, कॉफी, साखर, बंदुका आणि सोने यांचा समावेश होता. बंदुकांमध्ये जपानी आरिसाका बनावटीच्याही होत्या. शरीफाला ब्रिटिशांकडून मिळणारी मदत एका टप्प्यावर दरमहा १,२५,००० पौंड होती व पुढे वाढली. ती सोन्याच्या नाण्यांत दिली जाई. वाळवंटात कागदी नोट चालत नसे. लॉरेन्सने दिलेला वेतनाचा दर माणसामागे महिना २ पौंड आणि उंटामागे ४ पौंड असा आहे. बंदरावर उतरलेला माल लढणाऱ्यापर्यंत पोहोचतो का, हे पाहणेही बातमीदारीचेच काम झाले. तांबड्या समुद्रावरील राबिग बंदरात हर्ब टोळीच्या हुसेन इब्न मुबैरिक या शेखाने शरीफाचा मुलगा अमीर अली याच्यासाठी आलेली शस्त्रे व धान्य स्वतःच दाबून ठेवले होते. अली तेथे चालून आला तेव्हा शेख डोंगरात पळाला आणि साठा हाती लागला. शत्रूही पैसा वाटत होता. बिल्ली टोळीचा सुलेमान रिफादा तुर्कांकडे झुकलेला राहिला, तर उत्तर अरबस्तानातील हाइलचा अमीर इब्न रशीद त्यांचा उघड मित्र होता. त्याच्याकडे कुवेतमार्गे जाणारे तांडे ही वेगळी डोकेदुखी होती. कुवेतला जाणारा बराच माल हिंदुस्थानच्या बंदरांतून येत असल्याने १९१८ मध्ये तेथील व्यापारावर निर्बंध घालावे लागले.

माहितीची साधने अनेक होती : हाजी, व्यापारी, गलबतांवरचे खलाशी, शेखांची पत्रे, तुर्की सैन्यातून फुटलेले अरब अधिकारी. यांतील मुहम्मद शरीफ अल-फारूकी याने १९१५ मध्ये गुप्त अरब संघटनांचे बळ बरेच वाढवून सांगितले, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. नोव्हेंबर १९१६ पासून राबिगहून विमानांची टेहळणी सुरू झाली. शत्रूच्या तारा तोडल्या की त्याला बिनतारी संदेश पाठवावे लागत आणि ते पकडता येत. हेजाझ रेल्वेवरील छाप्यांचा हा फायदा रूळ उखडण्याच्या वर्णनांत झाकला जातो.

हिंदुस्थान सरकारचा ब्यूरोला आरंभापासून विरोध होता. उठावाने हिंदी मुसलमान दुखावतील ही एक भीती होती. दुसरे म्हणजे इराकी व नज्दी अरबांशी व्यवहार करणे हा सिमला आपला अधिकार समजे. २६ डिसेंबर १९१५ रोजी इराकमधील ब्रिटिश राजकीय अधिकारी पर्सी कॉक्सने नज्दचा शासक इब्न सौद याच्याशी करार केला तो या बाजूने. इराकच्या मोहिमेत पुण्याची सहावी डिव्हिजन होती व तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. या पलटणींना टोळ्यांचा अनुभव आला तो हरणाऱ्या बाजूवर लुटीसाठी तुटून पडणारे, वारे पाहून पक्ष बदलणारे घोडेस्वार म्हणून. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत अल-अमारा येथे या डिव्हिजनने शरणागती पत्करली. त्याआधी वेढा उठवण्यासाठी तुर्की सेनापतीला पैसे देऊ करण्याच्या कामी लॉरेन्स व हर्बर्ट यांना पाठवले होते. रक्कम वाढवत २० लाख पौंडांपर्यंत नेली, तरी ती नाकारली गेली. त्या भेटीनंतर लॉरेन्सने बसऱ्याकडील गुप्तवार्ता व्यवस्थेवर कठोर टीका केली. ती एकतर्फी होती, कारण कैरोकडे असलेले अरब मित्र बसऱ्याच्या अधिकाऱ्यांकडे नव्हते. दुसरीकडे हिंदी आरमाराचे ‘हार्डिंज’ हे जहाज कैरोच्याच योजनेत राबले. जानेवारी १९१७ मध्ये तांबड्या समुद्रावरील वेज्ह बंदरावर चाललेल्या शरीफाचा मुलगा फैसल याच्या सैन्यासाठी त्याने किनाऱ्यावर पाणी पुरवले आणि सुमारे पाचशे अरब वेज्हच्या उत्तरेस उतरवले. फैसल पोहोचण्याआधीच ते बंदर पडले.

युद्ध संपल्यावर ब्यूरोचे वजन घटले. शरीफ हुसेन आणि इब्न सौद यांच्यात खुर्मा या मरूद्यानावरून तंटा पेटला, तेव्हा १९१९ च्या वसंतात लंडनमध्ये शरीफाचे बळ अधिक असल्याचे गृहीत धरले गेले. त्याच्याकडे ब्रिटिश शस्त्रे, तोफा आणि प्रशिक्षित शिपाई होते. मे १९१९ च्या अखेरीस तुरबा येथे इब्न सौदच्या इख्वानांनी (त्याच्या कडव्या धार्मिक लढवय्यांनी) रात्री छापा घालून शरीफाचा मुलगा अमीर अब्दुल्ला याचे सैन्य जवळजवळ नष्ट केले. बातमीपत्र त्याच वर्षी बंद पडले व १९२० मध्ये ब्यूरो बरखास्त झाला.