मार्कडाउनमधून ऑनलाइन पाठरचना

शीर्षके, याद्या, ठळक अक्षरे, दुवे, चित्रे या गोष्टी मार्कडाउन नावाच्या साध्या चिन्हपद्धतीने दाखवत पाठ निव्वळ मजकुराच्या फाइलींत लिहायचा आणि एखाद्या साधनाकडून त्या फाइलींची वेबपाने करून घ्यायची, अशी ही पद्धत. लेखक ओळीच्या आरंभी `#` टाकून शीर्षक दाखवतो. ते कोणत्या टंकात आणि किती मोठे दिसावे हे साधनाचा साचा ठरवतो. अनुक्रमणिका, मागच्या-पुढच्या पाठाची बटणे, मोबाइलच्या पडद्यावर बसणारी मांडणी हेही साच्यातूनच येते. त्याच मजकुरातून छापण्याजोगी पीडीएफ, ई-पुस्तक किंवा सादरीकरणही काढता येते.

सोपेपणासाठी ही पद्धत नावाजली जाते, पण तिचा खरा उपयोग दुरुस्तीच्या वेळी कळतो. ऑनलाइन पाठ एकदा लिहून संपत नाही. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलते, दिलेला दुवा बंद पडतो, कागदावर चांगले वाटलेले उदाहरण वर्गात कुणालाच कळत नाही. पाठ साध्या मजकुरात असला, की कोणती ओळ कुणी कधी बदलली हे गिटसारखी प्रणाली नेमके दाखवते. दूरचा वाचकही दुरुस्ती सुचवू शकतो, आणि सुधारणा चुकीची निघाली तर जुना मजकूर परत आणता येतो. अनेक जणांनी मिळून सांभाळायच्या पाठ्यसामग्रीला याहून सोयीची रीत सध्या तरी नाही.

उगम

मार्कडाउन जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले. चिन्हांचे नियम ठरवण्यात त्यांना आरॉन स्वार्ट्झ यांची मदत झाली. स्वार्ट्झ तेव्हा १७ वर्षांचे होते. `#` लावून शीर्षक करण्याची रीत स्वार्ट्झ यांच्याच २००२ मधील एका लेखनपद्धतीतून आली. बाकीची बरीच चिन्हे साध्या ईमेलमध्ये लोक आपसूक वापरत होते तीच आहेत: जोर द्यायच्या शब्दाभोवती तारे, यादीतल्या ओळीआधी डॅश, दुसऱ्याचे वाक्य उद्धृत करताना आधी `>`. रूपांतर करण्याआधीही मजकूर सहज वाचता यावा, हा ग्रुबर यांचा मुख्य आग्रह होता.

त्यांनी नियमांचे वर्णन आणि पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेतला एक रूपांतरक, म्हणजे त्या मजकुराचे वेबपान करणारा प्रोग्रॅम, दिला. काटेकोर व्याख्या दिली नाही. त्यामुळे पुढच्या दहा वर्षांत निरनिराळे रूपांतरक एकाच मजकुराचा निरनिराळा अर्थ लावू लागले. तक्ते, तळटीपा, गणिती सूत्रे मूळ मार्कडाउनमध्ये नव्हतीच. ती ज्याने त्याने आपापल्या परीने जोडली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये पॅनडॉक हा रूपांतरक आणला. आज अनेक पाठरचना साधनांच्या पोटात तोच काम करतो. मॅकफार्लेन, जेफ अ‍ॅटवूड आणि इतरांनी मिळून २०१४ मध्ये कॉमनमार्क ही नेमकी नियमावली मांडली. सहाशेहून अधिक छोट्या उदाहरणांतून कोणत्या मजकुराचे काय व्हावे हे ती सांगते. नवे साधन निवडताना ते कॉमनमार्क पाळते का, हे आधी पाहावे.

पाठाची बांधणी: कार्पेंट्रीजचे उदाहरण

वेबपान आणि पाठ यांत फरक आहे. पाठाला उद्दिष्टे लागतात, वेळेचा अंदाज लागतो, सराव लागतो आणि तो करून पाहीपर्यंत झाकून ठेवलेले उत्तर लागते. मार्कडाउनमध्ये यांपैकी कशासाठीच चिन्ह नाही. ही उणीव कशी भरून काढली गेली हे 'द कार्पेंट्रीज' या संस्थेच्या पाठांत चांगले दिसते.

ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांना प्रोग्रॅमिंगच्या चांगल्या सवयी शिकवायला सुरुवात केली. त्यातून 'सॉफ्टवेअर कार्पेंट्री' उभी राहिली. २०१४ मध्ये 'डेटा कार्पेंट्री' निघाली आणि २०१८ मध्ये दोन्ही एकत्र आल्या. ग्रंथालयांसाठीची 'लायब्ररी कार्पेंट्री'ही त्याच वर्षी सामील झाली. पाठ मुक्त परवान्याखाली गिटहब या गिटच्या फाइली ठेवण्याच्या संकेतस्थळावर असतात आणि जगभरचे स्वयंसेवक ते लिहितात, सुधारतात.

सुरुवातीच्या साच्यात सरावाची चौकट उद्धरणाच्या चिन्हाने करावी लागे. प्रत्येक ओळीआधी `>`, आतल्या उत्तराच्या प्रत्येक ओळीआधी `> >` आणि शेवटी महिरपी कंसात चौकटीचा प्रकार. उत्तरात दहा ओळींचा प्रोग्रॅम असेल तर त्या दहाही ओळींना दुहेरी चिन्ह. एक चिन्ह सुटले की चौकट तिथेच फुटे. आपला विषय उत्तम जाणणारा, पण वेबशी फारसा संबंध नसलेला प्राध्यापक इथे अडखळे, आणि पाठ लिहायला अशाच माणसांची गरज होती.

पुढे संस्थेने 'वर्कबेंच' नावाचे नवे साधन केले आणि २०२३ मध्ये आपले पाठ त्यावर आणले. त्याचे तीन भाग आहेत. 'सँडपेपर' पाठाची जुळणी करतो, म्हणजे फाइलींची वेबपाने बनवतो, 'पेगबोर्ड' मजकूर तपासतो आणि 'व्हार्निश' त्याला दृश्य रूप देतो. चौकटीसाठी आता पॅनडॉकची रीत वापरतात. किमान तीन अपूर्णविराम `:::` आणि पुढे चौकटीचे नाव लिहून ती उघडायची, पुन्हा नुसते `:::` लिहून मिटायची. आतला मजकूर नेहमीसारखा लिहायचा. सराव, उत्तर, सूचना, चर्चा, पूर्वतयारी अशा ठरावीक नावांच्या चौकटी मिळतात. उत्तराची चौकट पानावर मिटलेली दिसते, टिचकी मारल्यावर उघडते. शिक्षकासाठीची टीप त्याच फाइलीत, त्याच परिच्छेदाखाली लिहिता येते. ती शिक्षकाच्या दृश्यात दिसते, विद्यार्थ्याच्या दृश्यात दिसत नाही. शिक्षकपुस्तिका वेगळी ठेवली की ती मूळ पाठाच्या मागे पडते. टीप मजकुराशेजारीच असल्याने पाठ सुधारणाऱ्याच्या नजरेतून ती सुटत नाही.

एक पाठ अनेक एपिसोडांत, म्हणजे छोट्या भागांत, विभागलेला असतो आणि प्रत्येक एपिसोडाची वेगळी फाइल असते. फाइलीच्या माथ्यावर यॅमल पद्धतीने, म्हणजे नाव आणि त्यापुढे मूल्य अशा साध्या ओळींत, तीन नोंदी करतात: शीर्षक, शिकवायला लागणारी मिनिटे आणि सरावाला लागणारी मिनिटे. या आकड्यांवरून साधन संपूर्ण पाठाचे वेळापत्रक आपोआप मांडते. एपिसोडाच्या आरंभी 'प्रश्न' आणि 'उद्दिष्टे' या चौकटी असतात, शेवटी 'मुख्य मुद्दे'. सर्व एपिसोडांचे मुख्य मुद्दे गोळा करून एक स्वतंत्र पानही तयार होते. या साधनातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे 'उद्दिष्टे' ही चौकट. विद्यार्थी या पाठानंतर काय करू शकेल, हे लिहिल्याशिवाय लेखकाला पुढे जाववत नाही, आणि ते लिहिताना पाठातला अनावश्यक भाग त्याला स्वतःलाच दिसू लागतो.

जुळणीच्या वेळी पेगबोर्ड काही गोष्टी तपासून इशारा देतो. शीर्षकांची पातळी मध्येच उडी मारत नाही ना, चित्रांना पर्यायी वर्णन आहे ना, उघडलेल्या चौकटींची नावे ओळखीची आहेत ना. दृष्टिहीन विद्यार्थी पडदावाचकाने पाठ ऐकतो तेव्हा हे पर्यायी वर्णन हेच त्याच्यासाठी चित्र असते, म्हणून या इशाऱ्याकडे काणाडोळा करू नये.

इतर साधने

ज्या पाठात प्रोग्रॅम आणि त्याचे निकाल दाखवायचे असतात, तिथे मजकुरासोबत प्रोग्रॅमही चालवणारी साधने वापरतात. आर या प्रोग्रॅमिंग भाषेच्या वर्तुळात 'आर मार्कडाउन' रूढ झाले. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या 'क्वार्टो'त पायथन आणि ज्युलिया या भाषाही चालतात. 'ज्युपिटर बुक' याच जातीचे. आलेख आणि आकडे दर जुळणीच्या वेळी नव्याने काढता येतात, आणि प्रोग्रॅम मोडला असेल तर बहुधा जुळणीच थांबते. चूक विद्यार्थ्यांच्या आधी लेखकाला कळते. 'एमकेडॉक्स' आणि 'एमडीबुक' ही मुळात माहितीपुस्तिकांची साधने. साध्या वाचनपाठाला ती पुरतात.

जर्मनीतील फ्राइबेर्ग इथल्या तंत्रविद्यापीठात आंद्रे डिट्रिख यांनी विकसित केलेले 'लियास्क्रिप्ट' वेगळ्या वाटेने जाते. त्यात जुळणीची पायरीच नाही; मार्कडाउन फाइल ब्राउझर थेट वाचतो आणि पाठ चालू होतो. एकच उत्तर असलेल्या प्रश्नाचे पर्याय चौकोनी कंसातल्या गोल कंसांनी, अनेक उत्तरांचे दुहेरी चौकोनी कंसांनी लिहितात. दुहेरी चौकोनी कंसात शब्द लिहिला की रिकामी जागा भरण्याचा प्रश्न तयार होतो.

मराठी पाठ लिहिताना

ही साधने युनिकोड देवनागरी बिनतक्रार स्वीकारतात. तरीही चिन्हांचे नियम इंग्रजी लेखन समोर ठेवून बनलेले असल्यामुळे काही ठिकाणी मराठी मजकूर हमखास फसतो.

पहिली अडचण अंकांची. क्रमवार यादीसाठी कॉमनमार्क फक्त इंग्रजी अंक ओळखते. लेखकाने एकाखाली एक `१. बी पेरा`, `२. पाणी घाला`, `३. उगवण मोजा` असे लिहिले, तर साधनाला यादी दिसतच नाही. तिन्ही ओळी एकाच परिच्छेदात सलग लागतात. उपाय असा, की फाइलीत इंग्रजी अंक टंकायचे आणि पानाच्या शैलीत यादीचा क्रमांकप्रकार देवनागरी निवडायचा. ब्राउझरांत तो तयारच असतो, म्हणून वाचकाला १, २, ३ असेच दिसते. उलट, इतिहासाच्या पाठातला परिच्छेद इंग्रजी अंकांतल्या सालाने आणि त्यापुढच्या टिंबाने सुरू झाला, तर साधन ते साल यादीचा क्रमांक समजते. देवनागरीत १९४७ लिहिणाऱ्याला हा त्रास नाही.

दुसरी अडचण प्रत्ययांची, आणि ती अधिक चिवट आहे. संज्ञा तिरपी किंवा ठळक करून तिला लागलेला प्रत्यय साधा ठेवणे मराठीत सारखे करावे लागते. `*पेशी*चे` नीट चालते. `_पेशी_चे` चालत नाही, कारण शब्दाच्या पोटातला अंडरस्कोर हे चिन्ह धरले जात नाही. तो पानावर तसाच उमटतो. `**'पेशी'**चे` हेही फसते. बंद करणाऱ्या ताऱ्यांच्या आधी विरामचिन्ह आणि लगेच पुढे अक्षर आले, तर नियमानुसार ते तारे बंद करणारे मानले जात नाहीत. अवतरणचिन्हे बाहेर काढून `'**पेशी**'चे` लिहिले की काम होते. मराठी पाठात जोर देण्यासाठी अंडरस्कोर मुळीच वापरू नये आणि तारे नेहमी अक्षराला चिकटून ठेवावेत.

पद्याचे वेगळेच. मार्कडाउनमध्ये एकदा ओळ तोडली तर ती पानावर तुटत नाही, पुढची ओळ तिला जोडून येते. अभंगाचे चार चरण असे एका रांगेत येतात आणि त्याचा घाट हरवतो. ओळीच्या शेवटी दोन रिकाम्या जागा किंवा `\` दिल्यास ओळ तुटते. पण रिकाम्या जागा डोळ्यांना दिसत नाहीत आणि काही संपादक जतन करताना त्या पुसून टाकतात. म्हणून `\` बरे. पॅनडॉकवर आधारलेल्या साधनांत प्रत्येक चरणाआधी उभी रेघ `|` आणि एक जागा दिली की ओळीच नव्हे, आरंभीचे मोकळे अंतरही टिकते. कवितांच्या पाठाला हीच रीत योग्य. जुन्या फाइलीतून पद्य चिकटवताना आणखी एक सापळा असतो. आधी रिकामी ओळ असून पुढच्या ओळींना चार जागांचे अंतर असेल, तर तो कडव्याचा भाग प्रोग्रॅमसारख्या एकसारख्या रुंदीच्या टंकात जाऊन बसतो.

फाइलींची नावे रोमन लिपीत ठेवावीत. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह संकेतबद्ध वेबपत्त्यात नऊ अक्षरांचे होते, त्यामुळे 'पाणी' एवढ्या नावाचीही ३६ अक्षरे होतात आणि दुवा पाठवताना मध्येच तुटण्याची भीती राहते. शीर्षक अर्थातच मराठीत ठेवता येते.

रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नांत आणि शोधपेटीत लेखनाच्या दुहेरी संकेतांची अडचण येते. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो: काही कळफलक 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही साधा र आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द आहेत. तंतोतंत जुळणी पाहणाऱ्या प्रश्नात विद्यार्थ्याचे बरोबर उत्तर असे चूक ठरू शकते, आणि का ते त्याला कळण्याचा मार्ग नसतो. अशा शब्दांसाठी पर्यायांचा प्रश्न करावा.

पीडीएफ काढताना पॅनडॉक नेहमीच्या रीतीने जे अक्षरजुळणी-यंत्र वापरतो, ते देवनागरी जाणत नाही. त्याऐवजी झीलेटेक (XeLaTeX) हे यंत्र निवडून देवनागरी टंकाचे नाव स्पष्ट द्यावे लागते. पाठाच्या माथ्यावर भाषा मराठी अशी नोंदही जरूर करावी. पडदावाचक तिच्यावरून योग्य आवाज निवडतो, आणि काही देवनागरी टंकांत ल आणि श यांची मराठी वळणाची रूपे ही नोंद असेल तरच उमटतात. नसेल तर हिंदी वळणाची येतात.