चपट्या पाठीचा वाणी किडा

वाणी किंवा पैसा म्हटले की डिवचताच गुंडाळी करून नाण्यासारखा पडून राहणारा गोल अंगाचा किडा आठवतो. हा त्याचाच चपटा भाऊबंद. तो पॉलिडेस्मिडा गणात मोडतो. 3,000हून अधिक जातींचा हा गण सहस्रपादांत सर्वांत मोठा आहे. खानदेशात त्याला शोधायचे तर मृगाचे दोन-चार पाऊस होऊ द्यावेत आणि सातपुड्याच्या उतारावर सागाचे ओले, कुजके पान उलटून बघावे.

पाठीच्या प्रत्येक कड्याला दोन्ही अंगांनी पंखासारखी कड फुटलेली असते, म्हणून तो चपटा दिसतो. पाचोळ्याच्या थरांत ही पाठ पाचरीसारखी घुसते. डोळे अजिबात नाहीत; वाट शोधायची ती मिशांनी चाचपून. नाव सहस्रपाद असले तरी वीस कड्यांच्या मादीला पायांच्या जोड्या 31, म्हणजे पाय अवघे 62. अंड्यातून निघालेल्या पिलाला तर तीनच जोड्या असतात. सात वेळा कात टाकल्यावर ते प्रौढ होते.

याला गोम समजून चपलेखाली चिरडतात, ते उगाच. गोमेला दर खंडाला पायांची एकच जोडी असते आणि ती चावते. वाणी किड्याच्या बहुतेक कड्यांना दोन-दोन जोड्या असतात, तो चावत नाही. छेडले तर मात्र अंगावरच्या छिद्रांतून रसायन सोडतो आणि कडू बदामासारखा वास येतो. त्यात हायड्रोजन सायनाइड असते. मात्रा माणसाला मारण्याइतकी नसली, तरी तो हात डोळ्यांना लावू नये.

जात ओळखणे हे खरे अवघड काम. रंग किंवा फोटो पाहून ते जमत नाही. नराच्या सातव्या कड्याखालची पुढची पायजोडी प्रजननासाठी बदललेली असते; तिचे आकडे, काटे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. नुसती मादी सापडली तर जातीचे नाव सांगणे बहुधा अशक्यच.

कुजका पाला हेच त्याचे मुख्य अन्न, आणि त्याच्या लेंड्यांतून पाल्याचा चुरा मातीत मिसळतो. कातडीवर पाणी धरून ठेवणारा मेणाचा थर नसल्याने खानदेशी उन्हाळा त्याला सोसत नाही. तेव्हा तो दगडाखाली, भेगांत, मातीत ओल शोधतो. मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तेव्हा त्याचे अन्न आणि आडोसा एकदमच जातात.