सड्यावरच्या रिपीटरला लिनिअर की एसएमपीएस?

आमच्याकडे रिपीटर लावायचा विषय निघाला की अँटेना कुठली, केबल कुठली यावर रात्र जाते, आणि पॉवर सप्लायचं आलं की कोणीतरी म्हणतो "लिनिअर घे रे, एसएमपीएस नॉईज करतो", झालं, विषय संपला. (लिनिअर म्हणजे जुन्या पद्धतीचा जड ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय, एसएमपीएस म्हणजे स्विच-मोड सप्लाय, हलका, वीज भराभर चालू-बंद करून काम करणारा.) मी पण बरीच वर्षं हेच सांगायचो. आता सांगत नाही, निदान कोकणातल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, तरी नाही.

ज्यांना हॅम रेडिओ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हॅम रेडिओ म्हणजे परवाना काढून हौसेने वायरलेसवर बोलणं, आणि रिपीटर म्हणजे उंचावर ठेवलेला वायरलेस सेट, तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच परत बोलतो. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या बँडमध्ये या दोघांत फक्त ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं. खाडीच्या पलीकडून हातातल्या छोट्या सेटवर कोणी बोलत असेल तर वर पोचणारा सिग्नल मायक्रोव्होल्टच्याही काही अंशाएवढाच. म्हणून नॉईजची भीती खोटी नाही.

लिनिअर सप्लाय म्हणजे सरळमार्गी माणूस. मोठा लोखंडी ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्ट खाली आणतो, डायोड, मोठे कपॅसिटर, साधारण २० व्होल्ट डीसी तयार होतं आणि पुढे टू-एन-३०५५ सारखे ट्रान्झिस्टर वरचे ६ व्होल्ट गिळून सेटला १३.८ देतात. गिळतात म्हणजे काय, उष्णता करून टाकतात. २५ वॅटचा सेट बोलताना साधारण ६ अँपिअर घेतो, म्हणजे ३६ वॅट नुसते हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) गेले. घरी चालतं, तुम्ही दोन मिनिटं बोलता नि दहा मिनिटं ऐकता. रिपीटरवर चारजण गप्पा मारायला लागले की तो तासभर पूर्ण पॉवरवर असतो, कारण एफएममध्ये तुम्ही गप्प असलात तरी कॅरियर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) पूर्णच जातो.

पण खरी गंमत व्होल्टेजची. संध्याकाळी खाली वाडीत सगळे पंप चालू झाले की लाईनच्या टोकाला २३० चे १७० होतात. ट्रान्सफॉर्मर बिचारा हिशोबाने चालतो, आत २० ऐवजी १४.८ च्या आसपास उरतात. रेग्युलेटरला (१३.८ धरून ठेवणाऱ्या त्या ट्रान्झिस्टरच्या भागाला) काम करायला वर निदान दोन-तीन व्होल्ट लागतात, ते नाहीत, मग १०० हर्ट्झची घरघर थेट हवेत जाते आणि सगळे विचारतात ऑडिओ असा का येतोय. बरं, म्हणून जास्त व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर घातला तर मध्यरात्री लाईन २५० वर गेली की हीटसिंकवर पोळी भाजून निघेल. आणि तो व्होल्ट गिळणारा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर ते २०-२२ व्होल्ट सरळ सेटमध्ये, क्रोबार (व्होल्टेज वाढलं की सप्लाय शॉर्ट करून फ्यूज उडवणारं सर्किट) नसेल तर सेट गेलाच.

एसएमपीएस उलटा चालतो. तो आधी २३० चे ३२५ व्होल्ट डीसी करतो, मग सेकंदाला ५० हजार ते लाखभर वेळा ते चालू-बंद करतो. फ्रिक्वेन्सी वाढली की ट्रान्सफॉर्मर लहान होतो, म्हणून आठ-दहा किलोचा धोंडा जाऊन जेमतेम दोन किलोचा डबा येतो. जांभ्याच्या पायवाटेने वर चढवायला हे काही कमी नाही. लेबलवर १०० ते २४० लिहिलं असेल तर १७० व्होल्टला तो ढिम्म हलत नाही. मात्र बाजूला ११०/२३० चं बटण असलेला स्वस्त माल घेऊ नका, त्याची रेंज लहान असते.

नॉईज होतो, पण कुठे? ६० किलोहर्ट्झवर चालणाऱ्या सप्लायचा १४५ मेगाहर्ट्झवर येणारा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीची पट) जवळजवळ चोवीसशेवा, म्हणजे पार थकून आलेला. शॉर्टवेव्हवाल्यांना जो त्रास होतो तेवढा इथे नसतो. तरी वाईट डिझाईन असेल तर एखादी शिट्टी बरोबर इनपुटवर येऊन बसते, आणि ती गरमीने नि लोडने सरकते, त्यामुळे दिवसा ठीक आणि रात्री स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारं दार) उघडाच. सबटोन (तो बारीक सूर सिग्नलसोबत आला तरच रिपीटर उघडतो) लावलात तर कचरा बाहेर जात नाही, पण रिसीव्हर बहिरा तो बहिराच. उपाय जुनेच: चांगला सप्लाय, डीसी वायरवर फेराइट (नॉईज अडवणारं चुंबकीय कडं), आणि डुप्लेक्सरपासून (एकाच अँटेनावर ऐकणं-बोलणं वेगळं ठेवणारा फिल्टर) लांब.

आमच्याकडे अजून एक भानगड, अर्थिंग. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर लाईन आणि न्यूट्रलमधून डब्याला जोडलेले असतात आणि त्यातला कचरा अर्थमध्ये सोडायचा असतो. सड्यावर वितभर मातीखाली सगळा कातळ, एप्रिलमध्ये कोरडा ठणठणीत, रॉड ठोकून अर्थ मिळत नाही. मग डबा ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो, हात लावला की झिणझिण्या येतात (करंट अगदी कमी, पण दचकून शिडीवरून पडायला पुरे), आणि फिल्टर पण नावापुरताच. खाली माती असलेल्या जागेपर्यंत पट्टी ओढा, कंटाळा करू नका.

खाऱ्या हवेचं म्हणाल तर पंखावाला एसएमपीएस नकोच. पंखा मीठ आत ओढतो, मीठ पावसाळ्यात ओल धरतं आणि ३२५ व्होल्टच्या बोर्डावर ओल म्हणजे तडतड. बिनपंख्याचा घ्या, लागेल त्याच्या दुप्पट-तिप्पट अँपिअरचा घ्या, बोर्डावर लॅकर मारा. इथे लिनिअर जिंकतो हे मान्य, लोखंड नि वार्निश बरंच सोसतं. वीज कडाडते तेव्हाही तोच जास्त टिकतो, एसएमपीएसच्या पुढे सर्ज प्रोटेक्टर लागतोच.

आणि काही असो, मध्ये बॅटरी हवीच. १३.८ हा आकडा मुळात तिथूनच आला, लेड-अॅसिडचे सहा सेल, प्रत्येकी २.३ व्होल्ट. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा कित्येक गावांत दिवसच्या दिवस लाईट नव्हती. फक्त एक बघा, रिकामी झालेली बॅटरी लाईट आल्यावर इतका करंट ओढते की करंट लिमिट नसलेला एसएमपीएस चालू-बंद-चालू-बंद करत बसतो.

बॅटरीचा दुसरा फायदा म्हणजे नॉईजचा निकाल पाच मिनिटांत लागतो. मेन स्विच बंद करून बॅटरीवर एखादा दुबळा सिग्नल ऐका, मग चालू करून ऐका. आम्ही केलं तेव्हा फरक चांगलाच जाणवला, सगळे एसएमपीएसकडे बोट दाखवायला लागले. मग एकेक वस्तू चालू करत गेलो. सप्लाय लावला, शांत. नॉईज करत होता तो खोलीतला स्वस्त एलईडी बल्ब.